क्यूजीआयएसमध्ये बागा दिसतात, मोबाईलवर नकाशा कोरा

निफाडकर_शिवार
नमस्कार मंडळी. द्राक्ष बागायतदारांच्या गटाचं काम बघतो. बागांच्या हद्दी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आखून त्यांची शेपफाईल (नकाशाच्या माहितीची फाईल) जिओसर्व्हर या नकाशे पुरवणाऱ्या सर्व्हरवर टाकली, डब्ल्यूएमएस (मागितलेल्या भागाचं चित्र पाठवणारी सेवा) चालू केलं. ऑफिसच्या लॅपटॉपवर झकास दिसतं. मोबाईल ॲपमध्ये नुसता पांढरा कागद, एररही नाही. ॲपवाला म्हणतो, तुमच्या सर्व्हरचा दोष. ऑक्टोबर छाटणीच्या नोंदी यंदा फोनवरच घ्यायच्यात. साहेबांकडे आयफोन, पोरांकडे स्वस्तातले अँड्रॉइड, आणि दोन ॲप करून घ्यायला गटाकडे पैसे नाहीत.

नकाशेवाला
ॲप सर्व्हरला जी लिंक पाठवतं, ती टाका. पासवर्ड असेल तर खोडून!

निफाडकर_शिवार
व्हर्जन १.३.०, सीआरएस (निर्देशांकांची पद्धत) ईपीएसजी ४३२६, बीबॉक्स (हव्या त्या चौकटीचे कोपरे) ७४.०५,२०.०५,७४.१५,२०.१५

नकाशेवाला
मग बरोबर आहे, कोराच येणार. डब्ल्यूएमएस १.३.० मध्ये ४३२६, म्हणजे अंशांतले अक्षांश-रेखांश, वापरलं की आधी अक्षांश, मग रेखांश. जुन्या १.१.१ मध्ये उलटं होतं. तुमचं ॲप जुन्या क्रमाने मागतंय, त्यामुळे सर्व्हर निफाड सोडून नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात बागा शोधतोय. तिथे काही नाही, म्हणून इमानदारीत कोरं चित्र पाठवतो. त्याच्या लेखी चूक झालेलीच नाही, तर एरर कुठून देणार? क्यूजीआयएस हा क्रम स्वतःच सांभाळून घेतं, म्हणून लॅपटॉपवर कळलं नाही. ॲपवाल्याला ईपीएसजी ३८५७ (वेब नकाशांची मीटरमधली पद्धत) घ्यायला सांगा. त्यात दोन्ही व्हर्जनला क्रम एकच. फक्त बीबॉक्स मग अंशांत नाही, मीटरमध्ये द्यायचा.

आणि खरं सांगू का, ॲप हवंच कशाला? लीफलेट (वेबपानावर नकाशा दाखवायची लायब्ररी) वापरून एक वेबपान करा, आयफोन-अँड्रॉइड दोन्हीकडे उघडतं. पान एचटीटीपीएसवर असेल तर जिओसर्व्हरही एचटीटीपीएसवरच ठेवा, नाहीतर ब्राउझर अडवेल.

गोदाकाठ
वेबपान साहेबांना ठीक आहे हो, पण बांधावर रेंज गेली की पोरं काय करणार? बघायला डब्ल्यूएमएस, नोंदीला क्यूफील्ड, म्हणजे क्यूजीआयएसवर आधारलेलं फोनचं ॲप. दोन्ही फोनवर फुकट चालतं. जिओपॅकेज (नकाशाची माहिती एकाच फाईलमध्ये) फोनमध्ये भरून द्या, संध्याकाळी ऑफिसात आले की सिंक, म्हणजे फोनमधल्या नोंदी ऑफिसच्या नोंदींशी जुळवायच्या.

शेपफाईल तर सोडाच. कॉलमच्या नावाला जेमतेम १० बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे ‘बागायतदार’ लिहिलंत तर ‘बाग’वरच गाडी थांबते. जिओपॅकेजला ही कटकट नाही.

निफाडकर_शिवार
३८५७ केलं, बागा दिसल्या! ॲपवाला आता फोन उचलत नाहीये. गोदाकाठ दादा, दोन पोरांनी एकाच बागेची नोंद बदलली तर सिंकमध्ये कोणाची राहते?

गोदाकाठ
भरवशावर सोडू नका. गावं वाटून द्या, एका पोराकडे एक शिवार.