आमच्या गावच्या सिंफनी वाद्यवृंदाचा नवा कंडक्टर नेमका कुणी निवडायचा?

मागचा_स्टँड (न्यू जर्सी)

नमस्कार. न्यू जर्सीतील एका गावच्या सामुदायिक सिंफनी वाद्यवृंदात मी गेली ११ वर्षे व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे तंतुवाद्य) वाजवतो. आम्ही साठेक वादक आहोत. त्यांत दंतवैद्य आहेत, शिक्षक आहेत, संगणक अभियंते आहेत आणि शाळेत शिकणारी चार-पाच मुलेही आहेत. दर मंगळवारी रात्री साडेसात ते दहा शाळेच्या सभागृहात तालीम होते आणि वर्षाकाठी चार कार्यक्रम होतात. वादकांना मानधन नाही, उलट आम्हीच वार्षिक वर्गणी भरतो. पैसे मिळतात ते कंडक्टरला आणि हार्प, बासून (एक फुंकवाद्य) यांसारखी गावात न सापडणारी वाद्ये वाजवायला बाहेरून येणाऱ्या दोन-चार जणांना.

आमचे कंडक्टर १८ वर्षांनी निवृत्त होत आहेत. विश्वस्त मंडळाने शोधसमिती नेमली आणि, मी बैठकीला वेळेवर पोहोचणारा एकमेव वादक असल्यामुळे की काय, तिचे अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडले. आलेल्या अर्जांतून आम्ही तिघांना निवडले आणि या हंगामातले तीन कार्यक्रम त्यांना एकेक करून दिले. प्रत्येकाने पाच तालमी घेतल्या आणि एक कार्यक्रम केला. प्रत्येक कार्यक्रमानंतर वादकांकडून अभिप्रायाचे कागद भरून घेतले.

पहिल्या उमेदवाराबद्दल कुणालाच फारसे काही वाटले नाही. दुसरे गृहस्थ हसतमुख आहेत, चुकले तरी रागावत नाहीत आणि तालीम दहा मिनिटे आधी संपवतात. वादकांची बहुसंख्य मते त्यांना आहेत. तिसऱ्या बाई वयाने तरुण आहेत. त्यांनी कार्यक्रमानंतर देणगीदारांशी तासभर गप्पा मारल्या, गावातल्या शाळांसाठी एक योजना मांडली आणि विश्वस्त मंडळ त्यांच्यावर खूश आहे. मात्र तालमीत त्या दर आठ मापांना (स्वरलेखनातल्या तालाच्या घरांना) थांबवतात, आणि सेकंड व्हायोलिनच्या, म्हणजे व्हायोलिनच्या दुसऱ्या गटाच्या, मागच्या रांगेला त्यांनी एक अवघड जागा एकेकट्याने वाजवायला लावली. त्या रांगेतल्या दोन ज्येष्ठ वादकांनी, या बाई आल्या तर आम्ही वाद्य पेटीत ठेवू, असे मला वाहनतळावर गाठून सांगितले.

आमच्या घटनेत एवढेच लिहिले आहे की कंडक्टरची नेमणूक विश्वस्त मंडळ ‘वादकांची मते विचारात घेऊन’ करील. विचारात घेणे म्हणजे काय, याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो आहे. ज्या संस्थेत वाजवणारे पगार घेत नाहीत, उलट वर्गणी देतात, तिथे नेतृत्व निवडण्याचा अधिकार कुणाचा मानावा? ज्यांनी असे प्रसंग जवळून पाहिले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये एका हौशी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवतो. इकडे ‘लीडर’ म्हटले की पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसणारा वादक डोळ्यांसमोर येतो. तुमच्याकडे त्यालाच कॉन्सर्टमास्टर म्हणतात. कंडक्टर हा आमच्या लेखी वर्षागणिक करार होणारा पाहुणा असतो. वादक हे सभासद असतात, वार्षिक सर्वसाधारण सभेत समिती निवडतात आणि ती समिती कंडक्टर नेमते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझे सहज येणारे उत्तर ‘अर्थात वादकांचा’ असेच आहे, पण ते देताना मी जरा अडखळतो.

वादकांच्या हाती कारभार असण्याची परंपरा जुनी आहे. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा १९०४ मध्ये जन्माला आली ती भांडणातूनच. त्या काळी दुसरीकडे जास्त पैशांचे काम मिळाले की वादक तालमीला आपल्या जागी बदली माणूस पाठवत असत. लंडनच्या क्वीन्स हॉलच्या वाद्यवृंदात कंडक्टर हेन्री वुड यांनी ही पद्धत बंद केली, तेव्हा चाळीसहून अधिक वादक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या मालकीचा वाद्यवृंद उभा केला. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर १९३३ पासून कायमचा कंडक्टरच ठेवलेला नाही. बर्लिन फिलहार्मोनिकचे वादक आपला प्रमुख कंडक्टर मतदानाने निवडतात. मे २०१५ मध्ये ते याच कामासाठी एका चर्चमध्ये जमले, मोबाइल बाहेर ठेवले, ११ तास चर्चा केली आणि निर्णय न होताच घरी गेले. पुढे जूनमध्ये त्यांनी किरिल पेत्रेंको यांना निवडले, आणि ते तर मुलाखतीसुद्धा टाळणारे गृहस्थ आहेत. म्हणजे वादकांना मताचा अधिकार दिला की ते गोडबोल्यालाच निवडतात, हे काही खरे नाही.

अडखळतो ते एवढ्यासाठी की या वादकांचे पोट त्या वाद्यवृंदावर असते. वाईट कंडक्टर निवडला तर नुकसान त्यांचेच होते, म्हणून ते मत जपून देतात. तुमच्या-माझ्यासारख्याचे मत बहुधा मंगळवारची संध्याकाळ कशी गेली यावर ठरते. दिवसभर कचेरीत बोलणी खाऊन आलेल्या माणसाला रात्री पुन्हा कुणी थांबवलेले नको असते, आणि त्यात गैर काही नाही. पण म्हणूनच कागदावर काय विचारले होते हे महत्त्वाचे ठरते. ‘उमेदवार कसा वाटला?’ असे विचारले असेल तर तुमच्या हाती लोकप्रियतेची यादी आली आहे. त्याऐवजी असे विचारून पाहा: वाजवणे थांबवले तेव्हा ते का थांबवले, हे तुम्हाला कळले का? पाचव्या तालमीत तुमचा गट पहिल्या तालमीपेक्षा बरा वाजला का? तुमच्या खुर्चीवरून कंडक्टरच्या काठीचा पहिला ठोका स्पष्ट दिसत होता का? या प्रश्नांची उत्तरे मागच्या रांगेतला माणूसच देऊ शकतो. तिथे विश्वस्तांना काही कळण्याचा संभव नाही.

खजिनदार_शिकागो

मी वादक नाही. पत्नी ओबो हे फुंकवाद्य वाजवते, आणि तिच्या वाद्यवृंदाचा हिशेब गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. त्याआधी आमच्या महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार होतो, त्यामुळे स्वयंसेवकांचे रुसवे-फुगवे मला नवीन नाहीत. मंडळात गणपतीच्या जेवणाच्या कंत्राटावरून जे होते तेच इथे ब्राम्सच्या गतीवरून होते.

माझे मत जरा कडू आहे. तुमची संस्था ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था म्हणून, नोंदलेली असणार. दरवर्षी कर खात्याकडे ९९० क्रमांकाचे विवरणपत्र जाते, त्यावर विश्वस्तांची नावे असतात, आणि कंडक्टरचा करार मोडला किंवा सभागृहाचे भाडे थकले तर पत्र येते ते विश्वस्तांना. ज्याच्यावर जबाबदारी, त्याच्याकडे निर्णय. नेमणूक विश्वस्त मंडळानेच करावी, आणि ती मतमोजणीवर सोडू नये.

परंतु मंडळाने वादकांना कागद वाटले तेव्हा, हे मतदान नाही, असे स्वच्छ सांगितले होते का? सांगितले नसेल तर चूक मंडळाची आहे. आधी मत मागायचे आणि आपल्या मनाविरुद्ध आले की तो केवळ अभिप्राय होता म्हणायचे, याने जी चीड येते ती मूळ निर्णयापेक्षा जास्त काळ टिकते.

आणखी एक गोष्ट नेमणुकीच्या आधीच लिहून घ्या. कार्यक्रमात काय वाजवायचे हे कंडक्टर ठरवतो, पण त्याचा खर्च मंडळ भरते, आणि या दोन अधिकारांची हद्द फार कमी ठिकाणी आखलेली असते. बेटहोवन किंवा द्वोर्झाक वाजवायचे तर स्वरलेखनावर हक्क कुणाचाच उरलेला नाही. पण ज्या रचना अजून स्वामित्वहक्काखाली आहेत, त्यांचे पार्ट (प्रत्येक वाद्याच्या स्वरलेखनाची पाने) प्रकाशकाकडून भाड्याने आणावे लागतात आणि परत पाठवण्याआधी पेन्सिलीच्या खुणा पुसून द्याव्या लागतात. एका हंगामात आमच्या उत्साही कंडक्टरने चारांपैकी तीन कार्यक्रमांत भाड्याच्या रचना घेतल्या. कार्यक्रम सुरेख झाले. त्यानंतर जेवणाच्या टेबलावर खोडरबराचा चुरा झाडत मी आणि पत्नी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

गिरगावची_चेलो

वरील दोन्ही प्रतिसाद निवडीपुरते आहेत. मला त्यापलीकडची काळजी वाटते, आणि ती मुंबईच्या अनुभवावरून वाटते.

मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभी केली. ते स्वतः व्हायोलिनवादक होते, कंडक्टर म्हणून त्यांचे शिक्षण बहुतांशी स्वतःचे स्वतःच झालेले होते. वाद्यवृंद कसा होता म्हणाल तर जुळवाजुळव होती: हौशी पारशी मंडळी, नौदलाच्या बँडमधले फुंकवाद्ये वाजवणारे, आणि गोव्याचे वादक. चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांत लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकलेले हे गोवेकर एरवी मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवून पोट भरत असत. तालमी जमवणे, पार्ट लावणे, गजाच्या खुणा करणे, पैशांची सोय पाहणे, सगळे त्या एका घराभोवती फिरत होते. त्यांचे पुत्र, पुढे नामवंत कंडक्टर झालेले झुबिन मेहता त्याच घरात या गडबडीत वाढले.

पुढे मेहली मेहता परदेशी गेले, मँचेस्टरला कंडक्टर बार्बिरोली यांच्या हॅले ऑर्केस्ट्रामध्ये वाजवू लागले, आणि नंतर लॉस एंजेलिसला त्यांनी तरुण वादकांचा वाद्यवृंद १९६४ पासून तीन दशकांहून अधिक काळ चालवला. म्हणजे माणूस किती ताकदीचा होता पाहा. पण मुंबईत मागे त्यांची जागा घेणारे कुणी तयार झालेले नव्हते. १९६२ मध्ये जिनी दिनशॉ यांनी बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू केली, तीही पुन्हा एका व्यक्तीच्या चिकाटीवर. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ मध्ये खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभी केली तेव्हा पाठीशी एक संस्था होती, परंतु सुरुवातीला बरेचसे वादक कझाकस्तानातून आणावे लागले.

तुमचे कंडक्टर १८ वर्षे होते. या १८ वर्षांत कॉन्सर्टमास्टरने किती वेळा एकट्याने तालीम घेतली? प्रत्येक गटाचा प्रमुख आपल्या गटाची वेगळी तालीम घेतो का? गज खाली ओढायचा की वर, हे कॉन्सर्टमास्टर ठरवून पहिल्या तालमीआधी सगळ्या तंतुवाद्यांच्या पार्टांवर उतरवतो, की पहिल्या तालमीतला अर्धा तास त्यातच जातो? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर तुम्ही कंडक्टर शोधत नसून आणखी १८ वर्षे सगळा भार वाहणारा खांदा शोधत आहात. तिसऱ्या बाईंना दर आठ मापांना थांबावे लागते, यात थोडा दोष गटप्रमुखांचाही असेल. व्हायोलिनच्या मागच्या रांगेला ती जागा बसवून देणे हे सेकंड व्हायोलिनच्या प्रमुखाचे काम होते, आणि ते आदल्या आठवड्यात, दार लावून व्हायला हवे होते. साठ माणसांसमोर एकेकट्याला वाजवायला लावणे मात्र मला पटत नाही. हौशी वादकाला एकदा असे उघडे पाडले की तो त्या जागेवर पुढे गज तारेला लावतच नाही, नुसता हलवतो. मी हे केलेले आहे.

ट्राँबोनवाला

थोडक्यात लिहितो. बेटहोवनच्या पाचव्या सिंफनीत ट्राँबोन चौथ्या भागात येतात. ब्राम्सच्या पहिल्यातही तेच. द्वोर्झाकच्या नवव्यात ट्यूबावाल्याला फक्त दुसऱ्या भागात १४ स्वर आहेत, आणि झांजवाल्याला सबंध सिंफनीत एकच ठोका. वर्गणी मात्र सर्वांना सारखी. तिन्ही उमेदवारांकडून पुढच्या दोन हंगामांच्या कार्यक्रमांची कच्ची यादी मागवा आणि प्रत्येक मंगळवारी कोण किती वेळ हातावर हात ठेवून बसणार ते मोजा. ज्याने तालमीचे वेळापत्रक असे लावले असेल की आम्हाला साडेआठला यायला सांगितले आहे, त्याला माझे मत.

मागचा_स्टँड (न्यू जर्सी)

सर्वांचे आभार. खजिनदारांचा प्रश्न वर्मी लागला: कागद वाटताना हे मतदान नाही असे आम्ही कुठेच म्हटले नव्हते. तो मजकूर मीच लिहिला होता. मंगळवारी तालमीच्या मध्यंतरात मी ते उभा राहून सांगितले आणि दिलगिरी व्यक्त केली. थोडी कुजबुज झाली, पण कॉफी संपेपर्यंत ती विरली.

लेस्टरकरांचे प्रश्न नव्या कागदावर छापून वाटले. चित्र अगदी उलटले असे नाही, पण गुंतागुंतीचे झाले. दुसऱ्या गृहस्थांच्या बाबतीत, वाजवणे का थांबवले हे कळले का, या प्रश्नापुढे अनेकांनी ‘थांबवलेच नाही’ असे लिहिले आहे. तिसऱ्या बाईंच्या बाबतीत व्हिओला आणि चेलो या दोन्ही गटांनी, आपण पाचव्या तालमीत खरोखर बरे वाजलो, असे लिहिले. हे मलाही मान्य करावे लागेल. द्वोर्झाकच्या आठव्या सिंफनीच्या तालमीत त्यांनी सगळ्यांना थांबवून केवळ व्हिओलांना एक आतली ओळ वाजवायला सांगितली आणि मग उरलेल्यांना, ही ऐकू येईल इतक्याच जोराने वाजवा, असे बजावले. इतक्या वर्षांत आमचा आवाज कुणी शोधत आहे असे मला पहिल्यांदाच जाणवले. अर्थात मी व्हिओलावाला असल्यामुळे माझे हे मत किती धरायचे ते आपण ठरवा.

गिरगावच्या ताईंचा परिच्छेद मी कॉन्सर्टमास्टरना इंग्रजीत सांगितला. ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की गेल्या १८ वर्षांत त्यांना एकट्याने तालीम घ्यायला कुणी सांगितलेच नाही. पुढच्या मंगळवारी पहिला तास ते तंतुवाद्यांची स्वतंत्र तालीम घेणार आहेत. फुंकवाद्ये आणि ताल-वाद्यांना साडेआठला बोलावले आहे. ट्राँबोनवाल्यांनी नोंद घ्यावी.

सेकंड व्हायोलिनच्या त्या दोन ज्येष्ठांना मी घरी चहाला बोलावले होते. बाईंनी समोरासमोर बसून बोलण्याची तयारी दाखवली तर आपणही बोलू, एवढे दोघांनी कबूल केले. बाईंना तसे पत्र आज पाठवले आहे, आणि त्यासोबत तिन्ही उमेदवारांकडून दोन हंगामांची यादीही मागवली आहे. विश्वस्त मंडळाची बैठक तीन आठवड्यांनी आहे. खजिनदार, रचना निवडण्याचा अधिकार आणि खर्चाची मर्यादा यांबद्दल तुमच्या करारात जे कलम आहे त्याचा मजकूर, संस्थेचे नाव काढून, पाठवता येईल का?