कोयना, किल्लारी आणि पुण्यातला जुना फ्लॅट

वारजेकर_७:
नमस्कार मंडळी, वारज्यात रीसेलचा फ्लॅट बघतोय, बिल्डिंग पंचवीसेक वर्षं जुनी, खाली सगळं पार्किंग आणि वर चार मजले. सासरे म्हणाले कोयनेचा धक्का पुण्यातही चांगला जाणवला होता, तेव्हा भूकंपाचंही बघून घ्या. मग वाचत बसलो. कोयनेचा भूकंप ६.३ रिश्टरचा आणि किल्लारीचा ६.२, म्हणजे जवळपास सारखेच ना? मग किल्लारीला इतकी माणसं का गेली? आणि पुण्याला कितपत धोका आहे?

कराडची_लेक:
कोयनेचं मी सांगते, आमच्याकडे घराघरात हा विषय निघतो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढे, सगळे झोपेत. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरची बहुतेक घरं पडली. धरणात पाणी साठायला लागलं १९६२ च्या आसपास आणि थोड्याच काळात बारीक धक्के सुरू झाले होते. पाण्याचं वजन आणि भेगांमधून खाली मुरणाऱ्या पाण्याचा दाब, यामुळे आधीच ताणावर असलेला खडक सरकतो असं शास्त्रज्ञ मानतात, म्हणजे धरण निमित्त होतं, ताण जमिनीत आधीपासून असतो. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या पण ते उभं राहिलं, नंतर त्याला मागून आधार देऊन मजबूत केलं. १९८५ ला वारणेचं धरण भरायला लागल्यावर दक्षिणेकडेही धक्के वाढले. कोयनेजवळच्या गोठण्याला तर अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल बोअर घेतलंय.

साइटवाले_काका:
किल्लारीचं मी सांगतो, तिथे पुनर्वसनाच्या कामावर होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, पण सांध्यात नुसती माती, चुना नाही सिमेंट नाही, भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर बांधणारा आरपार दगडच नाही, आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर जो दर पावसाळ्याआधी आणखी चढवायचे. भिंत फुगून फुटली की ते सगळं वजन झोपलेल्या माणसावर. आठेक हजार माणसं गेली. शिवाय दाट वस्तीची गावं आणि भूकंपाचं केंद्र अगदी उथळ. कोयनेच्या डोंगरात वस्ती विरळ होती. रिश्टरचा आकडा जमिनीतून किती ऊर्जा सुटली ते सांगतो, घरात काय होणार ते भिंत ठरवते. आणि हा भाग तेव्हा नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता बरं का, तो झोनच २००२ ला काढून टाकला.

वारजेकर_७:
बाप रे काका, हे माहीत नव्हतं. मग आमच्या बिल्डिंगचं काय समजायचं?

साइटवाले_काका:
२००२ च्या नकाशात पुणे झोन ३ मध्ये, कोयना झोन ४ मध्ये, अंतर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे ६.३ चा धक्का इथे येईपर्यंत बराच विरतो. पण २००१ ला भुजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बिल्डिंगा पडल्या, त्यात खाली मोकळं पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या. तो ७.७ चा होता, म्हणजे किल्लारीपेक्षा जवळपास पावणेदोनशे पट ऊर्जा, तेव्हा तेच इथे होईल असं मी म्हणत नाहीये. दुखणं मात्र ओळखून घ्या, वर भिंतींनी भरलेले कडक मजले आणि खाली नुसते कॉलम, हादरा बसला की सगळा ताण त्या कॉलमच्या डोक्याशी आणि पायाशी येतो. तिथे उभ्या सळयांना आवळणाऱ्या लोखंडी रिंगा जवळ जवळ हव्यात आणि रिंगेचं टोक काँक्रीटच्या आत वळवलेलं हवं, ९० अंशात नुसतं दुमडलेलं असेल तर ते उघडतं आणि सळया बाहेर फुगतात. आता हे वरून दिसणार नाही, म्हणून सोसायटीकडे स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा आणि स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का विचारा.

कराडची_लेक:
आणि पार्किंगमध्ये कॉलमच्या खालच्या बाजूचं प्लास्टर सुटून गंजलेली सळई दिसतेय का ते टॉर्च मारून बघा, गाडी लावलेली असली तरी हलवायला सांगा.

वारजेकर_७:
रविवारी परत जातोय बघायला. ड्रॉइंग मिळालं तर काका तुम्हाला दाखवू का?

साइटवाले_काका:
दाखवा की. कॉलमचं शेड्यूल, म्हणजे कुठल्या कॉलमात किती सळया आणि रिंगा त्याचा तक्ता, असलेलं पान नक्की आणा, नुसता प्लॅन नको.