टूथपेस्ट नको!

हिऱ्याची सोन्याची अंगठी घरी कशी साफ करायची, या प्रश्नावर कुणीतरी ती टूथपेस्टने घासायला सांगितलंय. तेवढं करू नका. २२ कॅरेटचं सोनं मऊ, बारीक चरे पडतात. सारखे हात धुतले की साबणाचा थर कोंदणात, हिऱ्याच्या मागे साचतो आणि खडा मंद दिसायला लागतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं भिजवा, मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासा. वाटीत बरं का, बेसिनवर नाही! आईची एक कुडी मोरीच्या जाळीतून गेली ती गेलीच. मोती आणि पाचू मात्र भिजवायचे नाहीत, ओलसर फडक्याने नुसते पुसायचे. सॅनिटायझरने तर मोत्याचं पाणीच उतरतं. मोत्याची अंगठी असेल तर ती आधी काढून ठेवा आणि मगच हाताला लावा.