मदत हवी आहे: घरातल्या फोटोंसाठी कॅमेरा, रविवारच्या आत!

चिऊची_आई
नमस्कार, घरच्या रोजच्या फोटोंसाठी चांगला कॅमेरा सुचवा. रविवारी बोरन्हाण आहे, त्याआधी घ्यायचाच आहे. मोबाईलवर सगळे फोटो हललेले येतात, एकही धड नाही. मिररलेसच (आतला आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्या म्हणतात सगळे, खरंय का? आणि नाशिकमध्ये मेन रोडला बघू की कॉलेज रोडला? प्लीज लवकर सांगा.

सातपूरकर
बजेट?

पाथर्डी_फाटा
बजेट, मोबाईल कुठला, मूल केवढं, फोटो दिवसा काढता की रात्री. एवढं सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार ताई?

जुना_रोल
आमच्या वेळी रोलमध्ये 36 फोटो असायचे, विचार करून बटण दाबायचो. आता लोक चारशे काढतात नि एकही बघत नाहीत.

सातपूरकर
@जुना_रोल काका, त्यांना रविवारी हवाय, रोल धुऊन यायला पुढची संक्रांत उजाडेल 😀

चिऊची_आई
बजेट 50 हजारांपर्यंत. दीड वर्षाची आहे, आत्ता चालायला लागलीय, एका जागी थांबत नाही. फोटो घरातच, हॉलमध्ये, संध्याकाळी. ट्यूब आहे ना लख्ख.

पाथर्डी_फाटा
मग खरा लोचा उजेडाचा आहे. आपल्या डोळ्याला ट्यूब लख्ख वाटते, कॅमेऱ्याला ती अंधुकच. उजेड पुरत नाही म्हणून मोबाईल शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि तेवढ्यात पोर हललेलं असतं. पळणाऱ्या मुलाला शटर निदान 1/250 सेकंदाचं तरी हवं. नुसता कॅमेरा बदलून सोबतची किट लेन्स वापरलीत तर फार फरक पडणार नाही, ती झूम केली की एफ/6.3 वर जाते, आणि एफचा आकडा मोठा म्हणजे उजेड कमी. एफ/1.8 ची लेन्स त्याच्या जवळजवळ बारापट उजेड घेते. पैसे लेन्सवर घाला.

सातपूरकर
कॅनन आर50 घ्या डोळे झाकून. टच स्क्रीन आहे, बाहेर वळते, मुलाच्या उंचीवर धरून काढता येतं. 50 हजारांत नवा बसणार नाही बहुतेक, थोडे वाढवा. आर100 स्वस्त आहे पण त्याची स्क्रीन वळतही नाही आणि टचही नाही. आणि 50 एमएम एफ/1.8 घ्या, सगळे तीच घेतात.

पाथर्डी_फाटा
@सातपूरकर फ्लॅटच्या हॉलमध्ये 50 एमएम?? या बॉडीवर ती 80 सारखी दिसते, म्हणजे सगळं आणखी जवळ येतं, पाठ भिंतीला टेकली तरी आजी, आई आणि मूल एका फोटोत मावणार नाही. 28 किंवा 35 एमएम बघा.

पक्षीवेडा
150-600 ची लांबचं टिपणारी लेन्स घेऊन ठेवा, आयुष्यभर पुरेल. नांदूर मध्यमेश्वरला एकदा पहाटे जाऊन बघा. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, 2020 मध्ये जाहीर झालं, आणि नाशिकचे निम्मे लोक अजून गेले नाहीत!

सातपूरकर
भाऊ, बोरन्हाणाला फ्लेमिंगो येणार नाहीयेत.

लग्नवाला_पंचवटी
एवढा खर्च कशाला? वेगळा फ्लॅश घ्या, डोकं वळणारा, आणि तो सिलिंगवर मारा. पांढऱ्या सिलिंगवरून उजेड मऊ होऊन खाली येतो, तोंडावर थेट मारायचा नाही. मी सगळी बारशी असंच काढतो. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश वळत नाही, तो विसरा.

पाथर्डी_फाटा
सिलिंगला पिवळा पीओपी असेल तर सगळी पोरं कावीळ झाल्यासारखी दिसतात. आणि दीड वर्षाचं मूल दर फ्लॅशला दचकतं.

लग्नवाला_पंचवटी
दोन फ्लॅशनंतर हसायला लागतात साहेब, माझा रोजचा धंदा आहे. आणि ट्यूबखाली तुमचं 1/250 मारलं की काही फोटोंत आडवे पट्टे येतात त्याचं काय? आपल्याकडे वीज 50 हर्ट्झ, म्हणजे साधी ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते.

पाथर्डी_फाटा
त्याला मेनूत अँटी-फ्लिकर असतं, आणि सायलेंट शटर बंद ठेवायचं. ते जाऊ दे. ताई, रविवारपुरता सरळ उपाय सांगतो, बोरन्हाण साडेचार-पाचला गच्चीवर करा. सव्वासहानंतर उजेड जातो. त्या उजेडात तुमच्या आत्ताच्या मोबाईलवरही उडालेले चुरमुरे स्पष्ट येतील. अजून एक, मुलीला काळा फ्रॉक आणि वर पांढरे हलव्याचे दागिने असणार. काळं बघून कॅमेरा फोटो जास्त उजळ करतो आणि हलव्याचा नुसता पांढरा डाग होतो. स्क्रीनवर बोट ठेवून उजेडाची पट्टी जरा खाली ओढा, काटे दिसतील. कॅमेरा नंतर सावकाश घ्या, दुकानात हातात धरून.

द्राक्षबाग
फोटोंचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवा, हार्डडिस्क उडाली की सगळं गेलं.

चिऊची_आई
पाच वाजता बायका कुठे येतात हो, हळदीकुंकू सातला आहे. आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. मेन रोड की कॉलेज रोड ते कोणी सांगितलंच नाही.

ओझरची_मावशी
अगं, बोरन्हाण आधी उरक आणि हळदीकुंकू सातलाच ठेव. शेजारची चार पोरं जमली की झालं, बोरं गोळा करायला त्यांना आमंत्रण लागत नाही. ऊस मात्र बारीक तुकडे करून घे, डोळ्याला लागतो.

सातपूरकर
दुकान कुठलंही चालेल, पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घ्या. बिलाशिवाय दोन-चार हजार कमी सांगतात, तिथून परत फिरा.

चिऊची_आई
बरं, किल्ली मागते. मावशी, दीड वर्षाच्या डोक्यावर मुकुट टिकतो का? की हारच घालू?