व्हिपलनंतर लीक होणार का, हे आधी कळतं का?

काळजीत_लेक: बाबांचं व्हिपल (स्वादुपिंडाचं डोकं काढून उरलेला भाग आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) पुढच्या आठवड्यात. गाठ ॲम्पुलात, म्हणजे पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडते तिथे आहे, स्वादुपिंड तसं चांगलं आहे. तरी सर्जन म्हणाले डक्ट (स्वादुपिंडातली नळी) 2 मिमीचीच आहे, लीकची, म्हणजे जोडातून रस गळायची रिस्क जास्त धरून चाला. मला हे उलटंच वाटतंय, ग्रंथी चांगली तर जोड पण चांगला बसायला हवा ना?

टाकेवाला: सर्जरीत रेसिडेंट आहे. सगळ्यांना उलटंच वाटतं हो. स्वादुपिंडातच कॅन्सर असला की डक्ट तुंबून फुगते, ग्रंथी कडक होते आणि कडक ग्रंथीत टाका धरतो. चांगली ग्रंथी लोण्यासारखी, टाका ओढला की चिरते, वर पाचक रस पण भरपूर सोडते. 2013 पासून 10 गुणांचा एक फिस्टुला स्कोअर वापरतात (फिस्टुला म्हणजे त्रास देणारी अशी गळती), त्यात 2 मिमी डक्टचे 3, ॲम्पुलाच्या गाठीचा 1, म्हणजे तुमचे 4 आत्ताच झाले. ग्रंथी मऊ निघाली तर अजून 2. ऑपरेशनमध्ये रक्त 400 मिलीच्या वर गेलं की पुन्हा वाढतात, आणि 7 पासून पुढे हाय रिस्क. पण मऊ की कडक हे पोट उघडून हात लावल्यावरच नक्की कळतं, त्यामुळे आधीचा आकडा अर्धवटच.

आईसोबत_होतो: आमच्या आईचा स्कोअर मध्यम होता, लीक झालंच नाही. शेजारच्या बेडवरच्या काकांचा कमी होता, त्यांना झालं. त्यामुळे मी तरी स्कोअरपेक्षा ड्रेनकडे (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) जास्त बघायचो, त्यातलं पहिल्या दिवशीचं आणि तिसऱ्या दिवशीचं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम) विचारत राहा.

टाकेवाला: बरोबर. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनमधलं अमायलेज रक्तातल्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या 3 पटीवर गेलं तरी पेशंट ठणठणीत असेल तर 2016 च्या व्याख्येप्रमाणे ती नुसती बायोकेमिकल लीक, फिस्टुला नाही. ताप आला, ड्रेन 3 आठवड्यांच्या वर ठेवावा लागला, वेगळी नळी घालावी लागली तर मग ग्रेड बी, म्हणजे खरा फिस्टुला. आणि एक लक्षात ठेवा, काही दिवसांनी ड्रेनमध्ये थोडंसं जरी लाल दिसलं तरी लगेच सिस्टरना सांगायचं, आपोआप थांबलं म्हणून गप्प बसायचं नाही, मोठ्या ब्लीडिंगच्या आधी कधीकधी असंच थोडं येतं.

काळजीत_लेक: हे कोणी सांगितलंच नव्हतं. ड्रेनचा रंग रोज लिहून ठेवते आता. स्कोअर बाबांना सांगू का?

आईसोबत_होतो: त्यांनी विचारलं तर सांगा. आईने नव्हता विचारला, तिला फक्त नाकातली नळी कधी काढणार एवढंच हवं होतं.