४० किलोमीटरनंतर उजव्या चवड्याची आग: क्लीट, बूट की माझाच पाय?

उतारप्रेमी

नमस्कार मंडळी. वय ४६, पतसंस्थेत नोकरी, म्हणजे दिवसभर खुर्ची. दोन वर्षांपासून हायब्रिड सायकल चालवते. यंदा २०० ची बीआरएम करायचीच (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड: २०० किमी, साडेतेरा तासांत) असं ठरवून दिवाळीत क्लीटवाले (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले) लेसचे बूट घेतले आणि तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

दर रविवारी धनकवडीहून जुन्या कात्रज घाटाने शिरवळकडे जाते. खेड शिवापूरपर्यंत सगळं छान. कापूरहोळ मागे पडलं की उजव्या चवड्याखाली, तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मुळाशी, कुणी पेटती उदबत्ती टेकवल्यासारखं होतं. नीरेच्या पुलापर्यंत बोटं आहेत की नाहीत तेच कळेनासं होतं. गेल्या रविवारी पुलाअलीकडच्या टपरीवर बूट काढून पायावर बाटलीतलं पाणी ओतत बसले होते. टपरीवाले म्हणाले, "ताई, इंजिन बसवून घ्या की सायकलीला!" पाच मिनिटांत आग शमली. बूट घालून निघाले, दहा किलोमीटरवर पुन्हा तेच.

आधी साध्या पेडलवर पळायचे बूट घालायचे तेव्हाही थोडं व्हायचं, पण इतकं नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बूट रुळतील." सहाशे किलोमीटर झाले, अजून कोणी रुळलेलं नाही. मैत्रीण म्हणते जेलचं इनसोल घाल. बीआरएमला सात आठवडे आहेत. काय करू?

घाटातला_चहा

लेस किती आवळता? माझंही हेच होतं. सकाळी गार पायावर आवळलेली लेस दहा वाजता सुजलेल्या पायाला फास होते. पुढच्या दोन भोकांतून लेस काढूनच टाका, वरच्या भोकांत घट्ट ठेवा. फुकटचा उपाय आहे, आधी हाच करा. आणि जाड मोजे नकोत.

निवांत_नाना

सायकलच सोडा. चाला. चालण्यासारखा व्यायाम नाही.

उतारप्रेमी

नाना, पुणे ते सातारा चालत गेले तर साडेतेरा तासांत बसत नाही हो.

टूलरूमवाला

ताई, मी ३१ वर्षं पिंपरीत टूलरूममध्ये काढली, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

नोकरीची पहिली बारा वर्षं मी आणि माझ्यासारखे शेकडो जण चिंचवडहून कारखान्यात सायकलवर जायचो. काळी सायकल, रबरी ठोकळ्यांचं पेडल, पायात चप्पल. चवडा जळाल्याचं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. कारण आम्ही पावलाचा मधला भाग पेडलवर ठेवायचो. निवृत्तीनंतर मुलाने भारी सायकल आणि क्लीट दिले, आणि तिसऱ्याच आठवड्यात माझा डावा पाय पेटला. इनसोलांवर अडीच हजार घालवल्यावर डोक्यात प्रकाश पडला की हा सरळ भाराचा प्रश्न आहे. तेवढाच जोर छोट्या जागेवर दिलात तर ती जागा बोंबलणारच. क्लीटने तुमचा सगळा जोर आठ आण्याएवढ्या जागेवर आणून ठेवलाय.

आता करायचं काय. आज संध्याकाळी (सकाळी नाही, संध्याकाळी पाय थोडा फुगलेला असतो) बुटातलं इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि अनवाणी त्याच्यावर पूर्ण वजन देऊन उभ्या राहा. करंगळी कडेबाहेर लोंबत असेल तर बूट अरुंद आहे, तो जन्मात रुळणार नाही. अशा वेळी बरेच जण एक नंबर मोठा घेतात. त्याने लांबी वाढते, रुंदी नावापुरती. रुंद साच्याचा बूट मागायचा, नाही तर बायकांनी सरळ पुरुषांचा घालून बघायचा.

मग क्लीट. बूट घालून चाचपा: अंगठ्याच्या मुळाशी एक उंचवटा लागेल, करंगळीच्या मुळाशी दुसरा, तो थोडा मागे असतो. दोन्हींच्या जागी बुटाच्या कडेला स्केचपेनने खूण करा. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या दरम्यान यायला हवा. चवडा जळणाऱ्यांनी तो मागच्या खुणेकडे, म्हणजे करंगळीकडच्या खुणेशी आणावा. दुकानात बहुतेक वेळा क्लीट पार बोटांकडे ठोकून देतात. मागे म्हणजे टाचेकडे, हे नीट लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं.

काम करताना: जुन्या जागेभोवती आधी पेनने रेघ मारून ठेवा, परत यायची वेळ आली तर कामाला येते. बोल्टच्या भोकातला चिखल टाचणीने कोरून काढा. चिखलावर ४ एमएमची ॲलन की (षटकोनी पान्हा) घातली की ती अर्धवट बसते, घसरते, भोक गोल होतं, आणि मग तो बोल्ट ड्रिलने काढावा लागतो. ज्या चुकीवरून मी टूलरूममध्ये दुसऱ्यांना शिव्या घालायचो, तीच घरी स्वतः केली. आट्यांना ग्रीस लावा. २-३ एमएमच सरकवा, दोन्ही बुटांना सारखं. क्लीट मागे गेला की पाय पेडलला आखूड पडतो, म्हणून सीटही २-३ एमएम खाली घ्या.

एक विचारायचं राहिलं. चढावर कुठल्या गिअरवर असता?

उतारप्रेमी

काका, इतकं सविस्तर! गिअर... मोठाच. पायांना व्यायाम जास्त होतो असं जिममधल्या मुलाने सांगितलं होतं.

टूलरूमवाला

त्या मुलाला खंबाटकीला पाठवा. मोठ्या गिअरवर मिनिटाला ५०-६० फेरे मारता म्हणजे प्रत्येक फेऱ्याला चवड्यावर घण. हलका गिअर टाका, फेरे ८०-८५ वर न्या. तेवढंच काम लहान लहान घावांत होतं.

पायाळू

(मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय न बघता निदान करत नाही, पण काही गोष्टी सांगते.)

काकांचं बरोबर आहे. चवड्यात पाच लांब हाडं असतात, त्यांच्यामधून बोटांकडे नसा जातात. बाजूने बूट दाबतो, खालून पेडल, मधे नस. तिसऱ्या-चौथ्या बोटांमधली नस सगळ्यात जास्त चेंगरते. बरेच दिवस चेंगरत राहिली तर तिच्याभोवती जाडी येते, तिला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. मग मोज्यात खडा अडकल्यासारखं वाटतं, आणि मोजा झटकला तर खडा नसतोच. चवडा दोन्ही बाजूंनी हाताने दाबा. टक्‌ होऊन बोटांत करंट गेला तर बीआरएम बाजूला ठेवून ऑर्थोपेडिककडे जा.

जेलचं इनसोल घेऊ नका. अरुंद बुटात जाडी वाढवली की आणखी गच्च. मेटाटार्सल पॅड मिळतो, बहुधा थेंबासारखा आकार असतो. तो दुखऱ्या जागेच्या मागे लावायचा, खाली नाही. खाली लावून "उपयोग झाला नाही" म्हणणारे आठवड्याला दोन तरी येतात.

आणि रात्री, सायकल चालवली नसताना, दोन्ही तळव्यांना मुंग्या येतात का?

वळणवाट

पायाळूताई, मला सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते. हेच का?

पायाळू

नाही, ते तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं वाटतंय, वेगळा धागा काढा.

उतारप्रेमी

हो, येतात मुंग्या. सहा-आठ महिन्यांपासून. वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं.

पायाळू

वयावर ढकलू नका. साखर आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी असाल तर नक्कीच. त्याचा बुटाशी संबंध नाही, पण आधीच कुरकुरणारी नस बुटात लवकर ओरडते.

उतारप्रेमी (तीन आठवड्यांनी)

मंडळी, हिशेब द्यायला आले. इनसोलवर उभी राहिले: करंगळी अर्धी बाहेर! मुलाने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दुकानदाराने बूट परत घेतले नाहीत, म्हणून पुढच्या दोन भोकांतली लेस काढली. क्लीट ४ एमएम मागे, सीट ३ एमएम खाली. गिअर हलका ठेवायला शिकतेय, सुरुवातीला पाय हवेत फिरल्यासारखे वाटायचे. दाबून पाहिलं, टक्‌ झालं नाही. साखर व्यवस्थित, बी-१२ मात्र कमी, १४८. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आहेत.

काल खंबाटकी चढून, बोगद्यातून परत, १२० किलोमीटर. नीरेच्या पुलावर काहीच झालं नाही. त्याच टपरीवर मुद्दाम थांबले. परतताना कात्रजच्या चढाला थोडी धग जाणवली, बोटं आत हलवली तर गेली. पण काका, यातला नेमका कशाचा गुण आला?

टूलरूमवाला

आता ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही! लेस, क्लीट, सीट, गिअर, इंजेक्शन, पाच बदल एका महिन्यात. आमच्याकडे असं करणाऱ्या ॲप्रेंटिसला मी आठवडाभर झाडू मारायला लावायचो. असो. ४ एमएमवर आता पेनने नवी रेघ मारा आणि बीआरएम होईपर्यंत पान्ह्याला हात लावू नका.