आधी रुग्णाशेजारी बसवा

एका चर्चेत कुणीतरी म्हटलंय की वाचाघातावर (मेंदूला इजा झाल्यावर बोलणं-समजणं बिघडतं, त्यावर) संशोधन करू पाहणाऱ्या नवख्यांना आधी संख्याशास्त्र शिकवावं, रुग्ण नंतर. मला हे अजिबात पटत नाही. संख्याशास्त्र लागतंच, पण नाशिकमध्ये माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्यांदा रुग्णाशेजारी बसवते. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार पक्षाघातानंतर, चित्रातल्या वस्तूचं नाव सांगायच्या चाचणीत, कात्रीचं चित्र बघून बोटांनी छाटणी करून दाखवायचे, शब्द मात्र ओठांवर अडायचा. शिकाऊ मुलीला राहवलं नाही, ती "कात्री" म्हणून मोकळी झाली. नोंद तिथेच वाया गेली. त्यांना शब्द उशिरा सुचला असता, चुकीचा आला असता, की आलाच नसता? परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग सोबत बसून ऐकलं, तेव्हा तिला स्वतःची घाई कळली. मार्गदर्शकाने शेजारी बसून शिकवायची गोष्ट आहे ही, ईमेलवर जमत नाही.

आणि नवख्यांना वाचाघाताच्या इंग्रजी चाचणीचं नुसतं भाषांतर करू देऊ नका! 'मुलगा पोळी खातो', पण 'मुलाने पोळी खाल्ली': भूतकाळात अशा वाक्यात क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणे नाही, कर्माप्रमाणे (इथे 'पोळी'प्रमाणे) बदलतं. व्याकरण ढासळलेला रुग्ण इथे अडखळू शकतो, इंग्रजी वाक्यांत ही जागाच नाही. म्हणून चाचणी ठरण्याआधीच मराठीच्या व्याकरणाचा अभ्यास असलेला भाषाशास्त्रज्ञ सोबत घ्या.